सातशे बारा

उसाच्या ट्रॉल्यांमागं सरकत सरकत
कागलच्या पुढं त्या माळावर पोचलो तेव्हा अकरा वाजलेले.
माजी सैनिकांनी वर्गणी काढून उभं केलेलं संग्रहालय:
पत्र्याची शेड, उघडं ठेवलेलं एक इंजिन,
टोप्या, पदकं, काचेआड कुणाचा तरी चष्मा,
आणि बाहेर, सिमेंटच्या तीन ठोकळ्यांवर चाकं टेकून,
ते.

नाकाला जाळी ठोकलेली.
शेपटीच्या नळीत साळुंक्यांचा संसार.
अंगाला नवा ऑइल पेंट,
बेंदराच्या बैलासारखं चकचकीत.

"आजोबा, तुम्ही हे चालवायचा?"
"न्हाई रं," अण्णा म्हणाले, "मी आवळायचो."
"काय?"
"सगळं."
स्वरूप हिरमुसला.
वर्गात त्यानं पायलट सांगून ठेवलेलं.

मीही सांगितलं होतं, चौथीत.
तेव्हा अण्णा उद्यमनगरात लेथवर होते,
नखांत लोखंडाचा भुगा घेऊन घरी यायचे,
आणि मी पोरांना सांगायचो,
सुट्टीवर आलेत.

हात लावू नये, अशी पाटी होती.
रखवालदार कोळेकर, तोही फौजेतलाच,
पाटीकडं पाठ करून तंबाखू मळायला लागला.
अण्णांनी चपला काढल्या, पोटाखाली वाकले.
आई पोरीच्या भांगात बघते तशी
त्यांची बोटं रिव्हेटांच्या ओळीतून फिरली
आणि एका जागी थांबली.
"हितं ठिगळ हाय," म्हणाले. "माझं हाय."

आई सावलीत भडंग कालवत होती.
तिथूनच विचारलं, "नंबर काय त्याचा?"
रंगाखालून जुना आकडा उठून दिसत होता.
"सातशे बारा."
गुडघ्यांवर हात रोवून आई उठली.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात पंजाबातून इनलँड यायची.
कुठं आहे, काय करतो, लिहायला बंदी.
म्हणून अण्णा लिहायचे:
सातशे बाराला आज बरं नाही.
सातशे बारानं रात्रभर जागवलं.
सातशे बारा ठीक आहे, काळजी नसावी.
उत्तूरला चुलीपुढं बसून वाचायची ती, नवी नवरी.
"आधी वाटलं, दवाखान्यात लागलाय कामाला.
मग मनात वंगाळच यायला लागलं."
पदर सावरून तिनं वर बघितलं.
"हीच का ती भवानी!"

सगळे हसलो.
मंजिरीनं फोटो काढला, त्यात अण्णा हसत नाहीत.

"सातशे नऊचं कधी लिहिलं न्हाई," ते म्हणाले.
"त्याच्या कागदावर पण सही माझीच हुती.
सकाळी सहा चाळीस. सगळं बघितलं हुतं मी, सगळं.
साहेब बावीसचा. तुझ्या लोणच्याची बरणी
निम्मी त्यानंच संपवलेली."

"मग?" स्वरूप म्हणाला.

"मग काय न्हाई.
चाकाला लावायची लाकडं हातात धरून
दुपारपतूर उभा हुतो."

रस्त्यावरून एक ट्रॉली गेली, गाणी लावून.
तेवढा वेळ कुणी बोललं नाही.
मग आई म्हणाली, हळू,
"बरणी परत आणली न्हाईसा म्हणून
भांडले हुते मी. दोन दिवस."
आणि भडंगाचा पहिला द्रोण
स्वरूपच्या आधी अण्णांच्या हातात दिला.

निघताना कोळेकरनं वही पुढं केली.
नाव, गाव, अभिप्राय, सही.
अण्णांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं,
अभिप्रायात लिहिलं: डाव्या चाकाखाली पाणी मुरते, बघणे.
सहीचा रकाना तसाच सोडून
गाडीत जाऊन बसले.

उजळाईवाडीपाशी एक विमान उतरत होतं,
मुंबईचं असेल नाहीतर हैदराबादचं.
स्वरूप खिडकीतून अर्धा बाहेर.
अण्णांनीही मान वाकडी करून बघितलं,
चाकं बाहेर आली का,
तेवढंच.